राणीसाहेबांची अत्तरदाणी

लोहारा, ७ नोव्हेंबर १९४९, सोमवार

सकाळी पूजा आटोपून ओट्यावर बसलो होतो, तर शेजारचा रेवणप्पा आला. काल तो छकडा घेऊन सोनकुंडला गेला होता. म्हणाला, "मास्तर, महाल उघडलाय. कुणीबी जावं, बघावं. चपला तेवढ्या भाईर काढायच्या. आत पेंढा भरलेला वाघ हाय. त्येला एकच डोळा, पर त्यो तुमच्याकडंच बघतो."

सोनकुंडचा महाल उघडला! ज्या फाटकासमोर लोक छत्री मिटून, मान खाली घालून जात, तिथं आता रेवणप्पा तंबाखू मळत आत जाऊन आला. निजामशाही गेली, जहागिऱ्या गेल्या. राजेसाहेब तर आधीच वारले, राणीसाहेब हैदराबादला राहतात. त्यांच्या मागं राहिलेल्या चीजवस्तू मांडून महालाचा अजायबखाना केलाय म्हणे.

मला वाघाशी कर्तव्य नाही. माझी जगदेवी त्या महालात दोन वर्षं होती. राणीसाहेबांना मराठी कविता म्हणून दाखवायला कुणी हवं होतं. गावात सरकारी शाळा उर्दूची. मराठी कविता मी माझ्याच ओट्यावर पोरांना शिकवायचो, आणि त्या सगळ्या कविता आमच्या एकुलत्या लेकीच्या जिभेवर होत्या. तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा ती विशीची. घरात बसून झुरण्यापेक्षा महालात कविता म्हणेल, असं मीच ठरवलं. तिची आई महादेवी तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात महालावरचा घोडेस्वार आला. खाली न उतरताच त्यानं निरोप सांगितला : "जगदेवी राणीसाहेबांबरोबर हैदराबादला गेली." त्यानंतर काही नाही. मी पत्रं टाकली, जाणाऱ्या-येणाऱ्यांजवळ निरोप दिले. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, आम्हीच गाठोडी घेऊन सोलापूरकडं पळालो. परत आलो तर महालाचं फाटक बंद होतं, विचारायला कुणी भेटलं नाही.

आता निदान तिची खोली तरी दिसेल. तिच्या खिडकीतून दिसणारं आभाळ दिसेल. महादेवीला तसं म्हटलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भिंती बघून काय मिळणार हाय? त्यास्नी सांगायचं असतं तर चार वरसं लागली नसती."

महादेवीला यमक कधी कळलं नाही. हैदराबादला कुणी निघालं की मी धावत निरोप द्यायला जातो. ही जागची हलत नाही. आईचं काळीज इतकं कोरडं कसं, हा मला न सुटलेला अर्थ.

१० नोव्हेंबर, गुरुवार

जाऊन आलो. अक्षर वेडंवाकडं येतंय.

फाटकावर मुनवर होता. राजेसाहेबांच्या वेळेपासून तो तिथं पहारेकरी. नव्या राजवटीनंही त्यालाच ठेवलंय. पूर्वी जगदेवीला दिवाळीला घरी पोचवायला तोच यायचा आणि आमच्या परसात बसून दोन भाकरी जास्त खायचा. मला बघून हसेल, मिठी मारेल असं वाटलं होतं. तो खांबासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी कशाला आलाव? थकलाव तुमी. उन्हातान्हात कशाला?" नोव्हेंबरात कसलं ऊन! माणूस म्हातारा होत चाललाय.

दिवाणखान्यात तलवारी, ढाली, हत्तीवरची अंबारी. अंबारीची गादी उंदरांनी खाल्लेली. वाघ खरंच बघतो. झुंबर खाली उतरवून फरशीवर ठेवलंय. एवढ्या जवळून बघितलं तर त्याच्यात धूळ आणि मेलेले पतंग. मला जुन्या कवितांतले महाल आठवत होते, दीपमाळा, गवाक्षं. मनात भुजंगप्रयात सुरू झालं आणि चालता चालता तीन चरण झालेही :

तुझ्या पावलांचा इथे नाद वाजे
तुझ्या बोलण्याचा झरा भोवताली
उभी कोणत्या दूरच्या तू गवाक्षी

चौथा येईना. त्याच नादात राणीसाहेबांच्या दालनात पोचलो. तिथं एक मोठं काचेचं कपाट आहे. चांदीची पानदाणी, गुलाबदाणी, हस्तिदंती फण्या. आणि खालच्या फळीवर, मखमलीच्या तुकड्यावर, चांदीची लंबगोल डबी. खाली चिठ्ठी : 'राणीसाहेबांची अत्तरदाणी.'

ती अत्तरदाणी नाही. आम्हा लिंगायतांतलं शेंबडं पोरही सांगेल. ती इष्टलिंगाची डबी आहे, गळ्यात दोऱ्यानं बांधतात ती. महादेवीच्या माहेरी तिला गुंडगडगी म्हणतात. आणि ती कुणाची, हेही मला विचारावं लागलं नाही. जगदेवी नऊ वर्षांची असताना विहिरीच्या पायरीवर पडली होती आणि डबीचं झाकण निखळलं होतं. सोनारानं चांदीच्या बिजागरीत पितळेचा खिळा घातला. मी त्याच्याशी भांडलो होतो. तो पिवळा ठिपका काचेआडून माझ्याकडं बघत होता.

मी काचेला हात लावला. मुनवर कुठून आला कळलं नाही. "चला, मास्तर, पुढं चला. मागं माणसं खोळंबल्यात." मी वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

चार वर्षांनी लेकीची पहिली खूण! म्हणजे ती इथं सुखात होती. राणीसाहेबांनी तिला सोन्याची डबी करून दिली असेल, आणि ही जुनी इथंच राहिली असेल. राणीचं मन मोठं. घरी येईस्तोवर छकड्यात मी गुणगुणत होतो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्री काही बोललो नाही. आनंद थोडा एकट्यानं चाखला. सकाळी महादेवीला सगळं सांगितलं. खिळ्याचंही. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"आत हाय का?" तिनं विचारलं.

"आत काय?"

"लिंग. डबीत लिंग हाय का न्हाय?"

मी म्हटलं, झाकण बंद होतं, कसं दिसणार. ती तव्याकडं बघत राहिली. भाकरी करपली, तरी बघत राहिली. मग म्हणाली, "डबी रिकामी असंल तर लिंग तिच्या आंगावर हाय. फडक्यात बांधून घेतलं असंल, दुसऱ्या डबीत घातलं असंल. कुटं का असंना, तिच्यापाशी हाय. आत असंल तर..."

पुढचं म्हणायची गरज नव्हती. जन्मल्यावर बांधलेलं लिंग आमच्यात माणूस जिवंतपणी अंगावेगळं करत नाही. सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, परत गळ्यात. आणि माणूस गेलं की त्याच डाव्या तळहातावर ठेवून त्याच्यासंगं मातीआड करायचं. ज्याचं त्याच्यासंगं. ते मागं राहत नाही.

पण डबी रिकामीच असणार. मला खात्री आहे. तरी उघडून बघायला हवी.

१४ नोव्हेंबर, सोमवार

अजायबखान्याचे साहेब तरुण आहेत, हैदराबादेहून आलेत, बोलणं गोड. खुर्ची दिली. मी म्हटलं, ती अत्तरदाणी माझ्या लेकीची लिंगाची डबी आहे, एकदा उघडून दाखवा, एवढंच. हातात नको.

साहेब हसले. "मास्तर, परवा एक जण आला होता, तो वाघ त्याच्या आज्यानं मारलाय म्हणाला, कातडं परत द्या. काल एक बाई अंबारीवर बसून बघू का म्हणत होती. ते कपाट राणीसाहेबांचं. त्यांची माणसं आल्याशिवाय सील तोडता येत नाही."

मी म्हटलं, "पण चिठ्ठी चुकीची आहे."

"चिठ्ठी बदलू की," साहेब म्हणाले, "काय लिहायचं ते राणीसाहेबांना विचारून."

माणूस वाईट नाही. त्याच्या टेबलावर डाळिंब होतं, त्यातलं अर्धं मला दिलं.

मागच्या दारानं उतरलो तर पायरीवर मुनवरची बायको खैरुनबी सुपात ज्वारी पाखडत होती. राणीसाहेबांच्या दालनात सगळी सेवा पूर्वी तिचीच. जगदेवीची आणि तिची फार गट्टी होती. जगदेवीकडून शिकून ही बाई श्लोक म्हणायची, उच्चार असे की ऐकून राणीसाहेब हसून लोळायच्या. मला पाहताच तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि आत पळाली. माझ्यापुढं तिनं कधी पडदा केला नव्हता. वय झालं की माणसं रीतीभातीला जास्त चिकटतात.

भूक लागली होती. विहिरीपलीकडं महालाची बाग होती, ती सगळी वाळून गेलीय. पण चिंचेखाली एका कोपऱ्यात वीतभर उंच वाफा आहे, माणसाच्या लांबीचा, चारी बाजूंनी दगड लावलेले, आणि त्यावर पिवळी शेवंती अशी फुललीय की डोळे निवले. तिथंच बसलो, फडकं सोडलं, भाकरी-चटणी खाल्ली. वाऱ्यानं शेवंती हलत होती. तिला माझे तीन चरण म्हणून दाखवले. खूप दिवसांनी इतकं शांत वाटलं.

मुनवर पाण्याची घागर घेऊन आला आणि मला बघून जागीच थिजला.

"मास्तर, तिथं नका बसू."

"का रे?"

"मुंग्या हायत."

एक मुंगी दिसली नाही. मी म्हटलं, "मुनवर, तुला फुलांची हौस कधीपासून?" त्यानं घागर ओतली, निम्मं पाणी बाहेरच गेलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमच्यात... जाळत न्हाईत ना?" मी म्हटलं, नाही, आम्ही पुरतो. तो म्हणाला, "व्हय. म्हाईत हाय मला." आणि घागर घेऊन निघून गेला. प्रश्न कशाचा, उत्तर कशाचं!

१९ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस लिहिण्यासारखं काही नाही. गुडघा दुखतो. चौथा चरण येत नाही.

महादेवी पहाटे पूजेला बसते ती उठत नाही. काल मी विचारलं, इतका वेळ काय मागतेस? म्हणाली, "रिकामी असू दे, येवढंच."

रात्री म्हणाली, "मंगळवारी परत महालात जाणार न्हवं तुमी? मलाबी न्या." आश्चर्य! मी म्हटलं, वाघ बघायचाय वाटतं. ती म्हणाली, "व्हय, वाघ बघायचाय."

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळं लिहिणार आहे, कारण इथं सोडून कुठंच बोलता यायचं नाही.

दोघं रेवणप्पाच्या छकड्यातून गेलो. महादेवीनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. महालात पोचलो तर आवारात पेटारे, गवत, सुतळी. राणीसाहेबांची माणसं हैदराबादेहून आली होती. सगळी चांदी त्यांच्याकडं जायची होती. कपाटाचं सील तोडलेलं. मी महादेवीला म्हटलं, चल, आपल्यासमोर उघडतील. ती म्हणाली, "तुमी जावा. मी खैरुनबीला भेटते." आणि सरळ मागच्या पायऱ्यांकडं गेली, जणू रोजची वाट.

साहेबांनी मला ओळखलं. "या मास्तर, तुमचं नशीब." डबी त्यांनी स्वतः उचलली. झाकण घट्ट बसलं होतं. पितळी खिळा कुरकुरला. आत फडकं होतं, पिवळं पडलेलं. साहेबांनी ते चिमटीनं उलगडलं.

लिंग आत होतं.

काळं, कुळकुळीत, भस्माचा एक पट्टा अजून तसाच.

साहेबांनी ते उजेडात धरलं, नखानं टोकरलं. "अत्तर नाही बरं का हे. सुरम्याचा खडा दिसतोय." आणि लेखणी घेऊन चिठ्ठीवरचं 'अत्तरदाणी' खोडून 'सुरमादाणी' लिहिलं. "बघा मास्तर, तुमच्यामुळं चूक सुधारली."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो असेन, कारण त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. मी म्हटलं, डबी ठेवा, चांदी ठेवा, आतलं तेवढं द्या. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या वयाचे माझे वडील आहेत. पण राणीसाहेबांच्या कपाटातला खडासुद्धा माझा नाही." डबी गवतात गेली. पेटाऱ्याचं झाकण बसलं.

मुनवर मला धरून व्हरांड्यात घेऊन आला.  कानाशी लागून म्हणाला, "पेटारे लॉरी येईपतुर हितंच हायत. म्या काढून देतो. नोकरी जाऊ दे, जेल होऊ दे. ती चीज महालात ऱ्हायली ह्ये आमच्या हातनं झालंय, मास्तर. खैरुननं चांगल्या मनानं..."

मी विचार केला. लिंग घरी न्यायचं म्हणजे महादेवीच्या हातात द्यायचं. म्हणजे तिला कळणार. चार वर्षं ती कोरड्या डोळ्यांनी जगली, ती कशाच्या आधारावर? आणि पहाटे इतका वेळ मागत बसते, ते कशासाठी?

"नको," मी म्हटलं.

"मास्तर, मग येक तरी ऐका. त्या शेवंतीच्या..."

"नको सांगूस, मुनवर. मला काही सांगू नकोस." मी असं का म्हटलं, कुणास ठाऊक. त्यानं कपाळावर हात मारला.

हैदराबादला मठ आहेत. एखाद्या स्वामींनी जगदेवीला दुसरं लिंग दिलं असेल. पहिलं हरवलं तर देतात. असं पहिलं मागं ठेवून दुसरं घेतल्याचं मी मात्र सत्तर वर्षांत ऐकलेलं नाही.

महादेवी चिंचेखाली सापडली. तिथंच, शेवंतीच्या वाफ्याशी, खैरुनबीला खेटून बसलेली. खैरुनबीचे डोळे सुजले होते. महादेवीचा तळहात मातीवर उपडा होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी घसा खाकरला. वाटेत पाच-सहा वेळा घोकलेलं वाक्य नीट म्हणायचं होतं.

"उघडली," मी म्हटलं. "रिकामी आहे."

खैरुनबीनं दचकून माझ्याकडं बघितलं, काही म्हणायला तोंड उघडलं. महादेवीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रिकामी?" महादेवी म्हणाली. माझ्याकडं ती इतका वेळ कधी बघत नाही. "बरं झालं. म्हंजी पोरीपाशी हाय."

"तिच्यापाशीच आहे," मी म्हटलं.

विश्वास बसला तिचा. देवा, बसला.

परतताना छकड्यात ती मागं महालाकडं तोंड करून बसली होती. मग आपणहून म्हणाली, "खैरुनबी सांगत हुती, त्यांच्यात माणूस गेलं की आंगावरचा दागिना आधी काढून ठिवतात. घरच्याला मागारी द्यायला. ठिवून घेतला तर पाप लागतं."

"असेल. आणि?"

"आनि काय. मी म्हटलं, तुमचं मन चांगलं, बाई. मालकिणीपाशी दिलंव, म्हंजी आमालाच दिलंव."

बायकांना कुठल्या वेळी काय बोलणं सुचतं! मी मात्र मनातल्या मनात तो काळा खडा बघत होतो. तिच्या पदराला गाठ होती, आत ओली माती आणि शेवंतीचं एक रोप. म्हणाली, परसात लावायचंय.

२७ नोव्हेंबर, रविवार

शेवंती लागली. महादेवी रोज पूजेआधी तिला पाणी घालते आणि बुंध्याशी भस्माचं बोट लावते. रेवणप्पा कुंपणावरून म्हणाला, "काकू, झाडाला कशाला भस्म?" ती म्हणाली, "कीड लागू न्हाय म्हनून." ही युक्ती मला माहीत नव्हती.

तिचं आता काही मागणं नसावं. पूजेवरून लवकर उठते. खोटं बोललो ते कामी आलं. जेवण मात्र दोघांचंही निम्म्यावर आलंय.

तळहातावर माझं लिंग घेतो तेव्हा डोळ्यांसमोर दुसरं येतं. गवतात, अंधारात. चार वर्षं त्याला पाणी नाही, बेल नाही.

१ डिसेंबर, गुरुवार

दुपारी लॉरीचा आवाज आला. सोनकुंडचे पेटारे घेऊन ती गावातूनच जाणार होती. मी ओट्यावर उभा राहिलो. महादेवी आतून आली. तिच्या हातात तांब्या होता आणि शेवंतीचं एक फूल.

लॉरी आमच्या दारासमोर मंदावली, पुढं बैल आडवे आले होते. पेटारे हाताच्या अंतरावर होते. महादेवीनं पायरी उतरून एका पेटाऱ्याच्या फटीत ते फूल खोचलं. रस्त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. तिनं असं का केलं, मी विचारलं नाही. कोणत्या पेटाऱ्यात काय आहे, तिला कुठं माहीत? मला माहीत होतं. मला हात जोडायचे होते. पण ती बघेल म्हणून मी हात धोतरात लपवले.

बैल हलले. लॉरी वळली. धूळ बसेपर्यंत आम्ही उभे होतो.

"कुटं चाललं ह्ये सगळं?" तिनं विचारलं, मला वाटतं उगाच, काहीतरी बोलावं म्हणून.

"हैदराबादला. राणीसाहेबांकडं."

तिनं मान हलवली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, कविता म्हणतात तसा काहीसा, पण शब्द लागले नाहीत. महादेवीला एकही कविता येत नाही. मी आत गेलो नाही.

चौथा चरण आता शोधत नाही. त्या घोडेस्वारानं चार वर्षांपूर्वी, खाली न उतरता, जो निरोप सांगितला होता, तो आज खरा झाला. जगदेवी राणीसाहेबांकडं हैदराबादला गेली.